विट्याच्या खड्ड्यातले फालाविन्या

ओरेस्ते फालाविन्या यांचं अखेरचं शिल्प विट्यात वितळलं. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरू. शिल्प शाबूत आहे, नारळाएवढं आहे आणि सोनं-चांदी गाळणाऱ्या कृष्णात गलाईवाल्याच्या टेबलावरून सारखं गडगडतंय.

फालाविन्या इटलीचे. तरुणपणी त्यांनी चित्रं काढून भिंतीकडं तोंड करून टांगली. लोक चिडले, म्हणून नाव झालं. लोक चिडायचे थांबले, तेव्हा ते शिल्पकार झाले. म्हातारपणी एकाच चांदीच्या गोळ्यात ते आपलं आयुष्य घालत गेले. जोडे शिवणाऱ्या वडिलांचा खिळा, पहिल्या कुंचल्याची पितळी पट्टी, वारलेल्या बायकोच्या शिलाई मशीनचा तुकडा. गोळ्याचं नाव ‘मी’.

औंधच्या प्रदर्शनात ‘मी’ चौथऱ्यावर टिकेना. म्हणून त्यांची दुभाषी अपेक्षा, जी सांगलीत चित्रकला शिकते, गोळा घेऊन विट्याला मामाकडं आली.

“मामा, तळ तेवढा सपाट करा. उद्या त्यांना घेऊन येते.”

कृष्णातनं गोळा खरवडून पाहिला. “ही चांदी हाय व्हय? पितळ काय, लोखंड काय. म्हाताऱ्याला कुनीतरी फसवलंय गं.”

“आवं, कला हाय ती. त्यांचं सगळं आयुष्य हाय त्यात.”

“आयुष्य असू दे की. पन एवढी भेसळ?”

अपेक्षा हसली आणि औंधच्या एसटीत बसली. मामा चेष्टा करतोय असं तिला वाटलं. पण विट्याचा गलाईवाला शुद्धतेची चेष्टा करत नाही. पाहुणा आपल्या गावातनं असली चांदी घेऊन गेला तर तोंड कुठं दाखवायचं? कृष्णातनं भट्टी पेटवली. मजुरी घ्यायची नाही, हे आधीच ठरवून.

संध्याकाळी पांढरीशुभ्र वीट निघाली. कुठंही ठेवा, हलणार नाही. राहिलेलं कीट त्याच्या बायकोनं, मनुबाईनं, दुकानापुढच्या खड्ड्यात ओतलं. खड्डा तिच्या लग्नाच्या आधीपासूनचा. सकाळी त्यावर डांबर पडलं. का पडलं, ते डांबरवाल्यांनाही सांगता येईना.

दुपारी फालाविन्या आले. त्यांनी वीट हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. अपेक्षाचा चेहरा उतरला होता.

“काय म्हनत्यात?” कृष्णातनं विचारलं. “लय झाक झालीया म्हनत्यात का?”

“वडील कुठायत, विचारत्यात. खिळा होता त्यांचा.”

कृष्णातला खिळा आठवला. लवकर सुटेना म्हणून त्यानं त्याला आईवरनं शिवी घातली होती. त्यानं मान खाली घातली आणि बोट रस्त्याकडं केलं.

म्हातारा बाहेर गेला. बूट काढून ताज्या डांबराशेजारी उभा राहिला. उसाचा ट्रॅक्टर आला.

“आवं बाबा, सरका की कडंला,” ड्रायव्हर म्हणाला.

बाबा सरकले. ट्रॅक्टर वडिलांवरून गेला.

कृष्णातला बाहेर जाववेना. त्यानं शटर अर्धं ओढलं, कागद घेतला आणि लिहिलं:

“मा. मुख्याधिकारी साहेब, माझ्या दुकानासमोरील खड्डा कोणाचीही तक्रार नसताना बुजवण्यात आला आहे. त्यात एका परदेशी पाहुण्यांचे वडील, पत्नी व कुंचला आहेत. चूक सर्वस्वी माझी आहे. तरी सदर खड्डा मूळ खोलीसह, आतील मालासकट, पूर्ववत करून मिळावा, ही नम्र विनंती.”