सतरा नंबरची रुग्ण

मी एम.डी. होऊन दुधनीत दवाखाना टाकला, त्याला बारा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं मी सोलापुरातून निघणाऱ्या एका वैद्यकीय जर्नलचे लेख तपासून देते, फुकट. लेख छापण्याआधी तीन डॉक्टरांकडे तपासायला जातो. लिहिणारा कोण हे आम्हाला कळू देत नाहीत, आणि तपासणारे कोण हे त्याला. या पद्धतीचा मला केवढा अभिमान होता! आसपासच्या चार जिल्ह्यांतले डॉक्टर त्या लेखांवर डोळे झाकून औषधं लिहितात.

फेब्रुवारीत एक लेख आला. संधिवाताची जी गोळी आठवड्यातून एकदाच द्यायची, ती थोडी थोडी रोज दिली तर सांधे लवकर मोकळे होतात, असा दावा. चोवीस रुग्ण, सहा महिन्यांत चोवीसही ठणठणीत. सोबत हातांचे फोटो होते. सतरा नंबरचा हात पाहिला आणि मी खुर्चीतून उठलेच. मनगटावर गोंदलेला विंचू, करंगळीचं अर्धं पेर तुटलेलं. ते पेर कडबा कापायच्या यंत्रात गेलं तेव्हा टाके मीच घातले होते. हात आमच्या गावच्या चंद्रव्वाचा होता.

ठणठणीत कसली? चंद्रव्वा चौथ्या महिन्यात गेली. तोंडभर फोड, रक्तातल्या पेशी तळाला. सोलापूरच्या एका बड्या सांधेतज्ज्ञाकडे मीच तिला चिठ्ठी देऊन पाठवलं होतं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर सहीही माझीच. तिच्याजवळ नुसती गोळ्यांची पुडी होती, कागद नव्हता. रोज एक गोळी चालली होती हे मला त्या लेखातून कळलं, आणि लेख कुणाचा हेही.

त्याच दिवशी मी अभिप्राय धाडला. सतरा नंबरची रुग्ण मृत आहे, दाखला जोडला आहे, लेख छापू नये, उरलेल्या तेवीस जणांचा आधी शोध घ्यावा.

तिसऱ्या दिवशी संपादक डॉ. दिग्विजय कोरे यांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही या रुग्णाला ओळखत होता?"

"ओळखत होते म्हणूनच सांगतेय."

"तिथंच पंचाईत आहे. ओळख निघाली की समीक्षक तटस्थ राहत नाही. नियमच आहे. हा लेख तुमच्याकडून काढून घेतो."

"सर, बाई मेलीय!"

"तुमच्या भावना समजतात. दाखला लेखकांकडे पाठवतो, तुमची सही झाकून. ते बघतील."

म्हणजे चंद्रव्वाला जे ओळखत नाहीत तेच तिच्याबद्दल बोलायला लायक! आणि ज्याच्या गोळ्यांनी ती गेली, त्यालाच विचारायचं, बाबा रे, खरंच गेली का? कुंपणच शेत खातंय, आणि हे म्हणतात कुंपणाला विचारून बघू.

जूनमध्ये अंक आला. लेख अगदी पहिला. मी तक्ता उघडला. तेवीस रुग्ण. तेवीसही ठणठणीत. विंचवाचा फोटो गायब. खाली आभार: अनामिक समीक्षकांच्या मौलिक सूचनांमुळे लेख अधिक निर्दोष झाला.

माझीच सूचना ती! मी चूक दाखवली आणि त्यांनी बाईच पुसली.

अंक घेऊन मी तिच्या नवऱ्याकडे, धुळाकडे गेले. माझ्या चिठ्ठीसकट सगळं सांगितलं. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं.

"फोटू काडला तवा लई खूश व्हती ती," तो म्हणाला. "म्हनली, माज्यामुळं चार बायांचं दुखणं जाईल. आता ह्यात न्हायच व्हय ती?"

"नाही."

"मंग ह्या गोळीनं मानूस मरतं, हे लिवलंय कुटं, डाक्टरीणबाई?"

परतताना मोहोळहून ऋतुराजचा फोन आला. माझा वर्गमित्र, तिथं त्याचा दवाखाना आहे.

"लेख वाचलास? झकास आहे! सोमवारपासून दोघींना रोज सुरू केली गोळी."

"बंद कर! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, तीन जणांनी तपासलाय तो. तू काय त्यांच्याहून शहाणी?"

"त्या तिघांतली एक मी होते," मी भर रस्त्यात ओरडले. "आणि त्यांनी गाळलेल्या बाईच्या दाखल्यावर माझी सही आहे. तू दोन सह्यांची तयारी ठेव."

त्यानं फोन ठेवला नाही. पलीकडे तो कंपाउंडरला हाका मारत होता, त्या दोघींचे नंबर काढ म्हणून.