सावळीच्या बायांचा सत्कार

सावळीच्या तीन बायांचा सत्कार नागपुरात होणार, हे कळलं तेव्हा अर्ध्या गावाला ती थट्टा वाटली. कांताबाईलाही वाटली. पण खरंच तिकडच्या एका सेवा मंडळानं बोलावलं होतं, आणि कारणही होतं.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, नरखेड तालुक्यातल्या या गावात गावठाणाची मोजणी निघाली होती. प्रत्येक घराची हद्द ठरून ज्याच्या त्याच्या हातात घराची सनद पडणार होती. पण मोजणीदार साखळी घेऊन आला आणि गाव एकमेकांवर उठलं. कोणाची न्हाणी दुसऱ्याच्या अंगणात, कोणाचा गोठा रस्त्यात. साखळीचं टोक धरायला कोणी तयार होईना, कारण धरेल त्याला शिव्या. शेवटी कांताबाई पुढे झाली. तिच्यासोबत तेलीपुऱ्यातली जिजाबाई आली, जिच्या आवाजापुढं भांडणारे आपोआप गप्प होत. सातवी शिकलेली प्रेमिला ही गावातली नवी सून डांबराचा डबा घेऊन दारोदार घरांचे नंबर टाकत गेली. तिघींनी बामनाच्या आळीपासून बौद्धपुऱ्यापर्यंत सगळं गाव मोजून काढलं. एकही डोकं फुटलं नाही.

कांताबाईनं नागपूर एकदाच पाहिलं होतं, छप्पनच्या धम्मदीक्षेच्या वर्षी, लग्न होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा. आज ती पुन्हा पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून निघाली. काटोलच्या पुढं एसटीचं टायर बसलं. तिघी रस्त्याच्या कडेला उभ्या असताना संत्र्याचा ट्रक थांबला. ड्रायव्हर ताराचंद ओळखीचा निघाला.

"कुठं जाऊन राहिल्या वं बाया नटूनथटून?"

"आमचा सत्कार हाय," जिजाबाई म्हणाली. "मोठ्या हॉलात."

"मंग बसा ना पटकन. मार्केटले चाललो, वाटेत सोडून देतो."

संत्र्यांच्या ढिगावर बसून, पदर डोक्यावर घट्ट धरून, हसत-खिदळत त्या नागपुरात शिरल्या. मंडळानं पत्रात कळवलेल्या चौकात ताराचंदनं बोट दाखवलं. "हा पाहा तुमचा हॉल."

समोर केळीचे खांब, झेंडूची तोरणं, सनई चाललेली. दारात दोन पोरींनी गुलाबपाणी शिंपडलं, तिसरीनं अत्तर लावलं. कांताबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. साखळी धरली तर एवढं? आपल्यासाठी सनई?

एका जरीच्या साडीवाल्या बाईनं त्यांना हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं. समोर स्टेजवर एक पोरगा आणि एक पोरगी हारांनी लादलेले बसले होते.

"यांचाही सत्कार दिसून राहिला," जिजाबाई कुजबुजली. "कोणतं गाव मोजलं असंन वं यांनी?"

"काकू," प्रेमिला हळूच म्हणाली, "पोरीच्या गळ्यात मंगळसूत्र हाय."

कांताबाईनं नीट पाहिलं. पोराच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या. तिला एकदम हसू आलं. ती उठणार, तोवर जरीवाली बाई पुन्हा आली. मुलाकडच्यांना त्या मुलीकडच्या वाटत होत्या आणि मुलीकडच्यांना मुलाकडच्या, त्यामुळं दोन्हीकडून मान मिळत होता. तिघींच्या ओट्या भरल्या गेल्या, खण-नारळ मिळाले, आणि मंगलाष्टकांसाठी आणलेला माईक कांताबाईच्या तोंडासमोर आला.

"मोठ्या आहात, आशीर्वादाचे दोन शब्द बोला."

कांताबाईला दोनच शब्द पाठ होते, ती सत्कारासाठी महिनाभर घोकत होती ते. तिनं डोळे मिटले आणि बोलून टाकलं.

"घर म्हटलं का भांडण आलंच. म्हणून आधी सांगते, हद्द ठरवून घ्या. कोनाचा ओटा कुठवर, कोनाचं पाणी कुठून जाईन, सारं तोंडासमोर बोला. मनात ठेवाल तर भिंत वाढते. एकदा नीट मोजलं का मंग मधात भिंत नसली तरी चालते. आमच्या गावानं असंच केलं. तुम्हीही करा."

हॉलभर हशा उसळला, मग टाळ्या. नवरीनं नवऱ्याकडं असं पाहिलं की तो बिचारा ओठ चावून हसू लागला. मागच्या पंगतीत जिलबी वाढणारा एक टकलू गृहस्थ मात्र ताट खाली ठेवून धावत पुढं आला. ते नवरदेवाचे मामा, आनंदराव. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले.

"तुम्ही सावळीच्या तर नाही?"

"हाव जी," कांताबाई म्हणाली. "चुकून आलो आम्ही. जातो."

"जाता कुठं? तुमचा सत्कार माझ्याच हातून व्हायचा आहे, समोरच्या हॉलात. मले वाटलं भाच्याचं लग्न लावून हळूच जाऊन येतो, आणि मी इथं जिलबी वाढून राहिलो."

जरीवाली बाई त्यांचीच बहीण होती. तिनं कपाळाला हात लावला, मग तिलाही हसू आवरेना. "पाहुण्या आमच्या आहेत," ती म्हणाली. "पायी नाही जाणार." तिनं बँडवाल्यांना खूण केली.

मग रस्त्यावरचे टांगे, सायकली थांबल्या. पुढं बँड, मागं हातात जिलबीचा द्रोण घेतलेले आनंदराव, त्यांच्यामागं सावळीच्या तीन बाया, आणि त्यांच्यामागं निम्मं वऱ्हाड. समोरच्या हॉलात मंडळाचे लोक रिकाम्या स्टेजकडं पाहून कंटाळले होते. बँड आत घुसला तसे ते धडपडून उभे राहिले.

शाली पांघरल्या गेल्या. आनंदराव गंभीर चेहऱ्यानं बोलायला लागले, "या भगिनींनी घराघरांतली भांडणं," आणि पुढं हसण्यापायी त्यांना जमलंच नाही. प्रेमिलाचे खांदे हलत होते. जिजाबाईनं शालीचं टोक तोंडात कोंबलं होतं. कांताबाई हसता हसता टेबलाला धरून उभी राहिली, आणि तिला वाटलं, चाळीस वर्षांत आपण लोकांसमोर एवढ्या मोकळ्यानं कधी हसलोच नाही.

संध्याकाळी तिघी एसटीतून उतरल्या तेव्हा कांताबाईचा नवरा गोपाळराव स्टँडवर वाट पाहत होता.

"झाला का वं सत्कार?"

"झाला. दोनदा झाला," कांताबाई म्हणाली. "आन् नवरदेव लय चांगला होता."

"कोनता नवरदेव?"

तिघी तिथंच, एसटी स्टँडच्या ओट्यावर, पोट धरून हसत बसल्या.