नोराचा चाळिसावा

“सोळा वर्षांची? अरे देवा! कोणाची गं ही?”

कुना आजी वाचनघराच्या दाराला जवळजवळ नाक लावून शोकपत्रक वाचत होत्या. आमच्या गावात सकाळी पाव आणायला निघालं की आधी दारं वाचायची आणि मग पाव घ्यायचा. कोण गेलं, कोणाला वर्ष झालं, कोणाचा मेल्यानंतरचा चाळिसावा दिवस आहे, सगळं फाटकांवर, झाडांवर, बसथांब्यावर चिकटवलेलं असतं. कुना आजींचा चष्मा वर्तमानपत्राला चालत नाही, शोकपत्रकांना चालतो.

“आपल्या गावची नाही, आजी,” मी आतून म्हटलं. मी शेगडीतली राख काढत होते.

“मग आपल्या दारावर कशी?”

“पुस्तकातली आहे.”

आजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “पुस्तकातली म्हणजे मेली नाही?”

“मेली ना. पायाखालचा बर्फ फुटला. धाकटा भाऊ गोठलेल्या तळ्यावर धावला होता, त्याच्यामागे ही गेली. भाऊ वाचला.”

आजींनी छातीवर क्रूस काढला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, “मेलेल्याच्या नावाचा गहू उकडलास का?”

“उकडलाय. आत टेबलावर आहे.”

“साखर बेताची घातलीयस ना? तुझ्या सासूच्या वेळच्या गव्हानं माझी दाढ आठवडाभर ठणकत होती.” आणि त्या आत शिरल्या.

हे कसं झालं ते सांगायला हवं. तीस वर्षं मी परदेशी लोकांच्या शर्टांना कॉलर शिवल्या. कारखाना बंद पडला तेव्हा वाचनघरात झाडलोट आणि शेगडी पेटवणं एवढं काम मिळालं. मग आमच्या ग्रंथपाल बाई मुलाकडे राहायला गेल्या. वाचनघराचे चिटणीस मेतोदी मला म्हणाले, “वेलिका, प्लॉवदिव शहरात तो टपालानं शिकायचा ग्रंथपालाचा अभ्यासक्रम असतो, तो पास हो. पुस्तकांची किल्ली तुझी. नाहीतर मला खोलीला कुलूप लावावं लागेल. शहरातून इथे कोण येतंय?”

म्हणून मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी झाले. आमच्या शिक्षिका तेओदोरा बाई माझ्या पुतणीपेक्षा लहान आहेत. त्यांनी परीक्षेसाठी मला विषय दिला: वयात येणाऱ्या मुलामुलींसाठीच्या कादंबऱ्या. चार-पाच वाचा आणि तोंडी परीक्षेत बोला.

“म्हणजे गोष्ट सांगू?” मी विचारलं.

“गोष्ट मला माहीत आहे. वाचून तुम्हाला काय झालं, ते सांगा.”

“काय होणार? वाचनघरात बसून वाचलं, सर्दी झाली.”

त्या हसल्या. पण विषय बदलला नाही.

ही पुस्तकं कुठून सुरू करायची तेही मला कळेना. तेव्हा सियाना मदतीला आली. नववीतली पोरगी, अर्धे केस निळे, अर्धे देवाने दिलेले. कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून तिनं माझ्या हातात कोंबलं. “हे वाच, मावशी. पण रुमाल घेऊन बस, नाहीतर रडून पानं ओली होतील.”

पहिल्या दिवशी मला हसूच येत होतं. या पुस्तकांमधले आईबाप एक तर मेलेले असतात, नाहीतर मठ्ठ. भांडी कोणीच घासत नाही. कोणी एकानं एकीकडे पाहिलं की ते पाहणं तीन प्रकरणं पुरतं. मी वहिनीला म्हटलंसुद्धा, एवढ्या वेळात मी कॉलरींची एक थप्पी उतरवली असती.

मग तो जिना आला. पुस्तकातली ती सोळा वर्षांची नोरा एका घरी समारंभाला जाते. आत गाणी चालू आहेत, आणि ती बूट हातात धरून जिन्यावरच बसते. आत जावं की परत फिरावं. होतं काहीच नाही. पण ते संपतच नाही. तिच्या मोज्याला टाचेपाशी भोक आहे. आतून आपलं नाव कोणीतरी घेतल्यासारखं तिला वाटतं, पण घेतलेलं नसतं.

मी पुस्तक मिटलं. कारखान्याच्या फाटकाशी मी अशीच उभी होते. आठवीनंतरचा पहिला दिवस, आईचे बूट, पुढच्या टोकात कापूस कोंबलेला. आत सगळ्या बायका हसत होत्या आणि त्या मलाच हसतायत असं मला वाटत होतं. मग भोंगा झाला आणि मी आत गेले. संपलं. आमच्याकडे पंधरा हे वयच नव्हतं. चौदानंतर एकदम शिवणयंत्र येई. त्या फाटकाबद्दल मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. आणि इथे कुठल्या लांबच्या देशात, मला कधीही न पाहिलेल्या माणसानं बसून माझ्या त्या क्षणाची घडी उलगडली होती. पूर्ण पसरून, हात फिरवून, सुरकुत्या काढून. कापड माझं, आणि ते एवढं मोठं होतं, हे मला पहिल्यांदा कळत होतं. देवळात मला इतकं गप्प झाल्यासारखं कधी वाटलेलं नाही. वाटायला हवं होतं, ते वेगळं.

त्यामुळे नोरा बर्फाखाली गेली तेव्हा माझं काय झालं असेल, ते सांगत नाही. पण पुढचा प्रकार मला सहन झाला नाही. दफन झालं, एक गाणं म्हटलं, आणि चार पानांनी तिच्या मैत्रिणी शाळेच्या समारंभात नाचतायत! ना गहू, ना मेणबत्ती, ना दारावर कागद. त्या देशात पद्धत नसेल. पण मी आमच्या देशात वाचलं होतं ना? माझ्यापुरती ती आमच्या वाचनघरातच गेली होती.

म्हणून मी ते वाचलं त्या दिवसापासून मोजून चाळिसाव्याला मी कागद छापून घेतला. छापखान्यातल्या पोरानं चौकट आधीच तयार ठेवलेली असते. त्यानं नाव विचारलं, वय विचारलं, “फोटो?” विचारलं. “नाही,” म्हटलं. त्यानं, मेलेल्यांसाठी म्हणतात तसं, “देव तिला क्षमा करो” म्हणून कागद माझ्या हातात दिला.

तर कुना आजी गहू खात बसल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी आल्या. कोण, कशी, आई काय करते, भाऊ आता कसा आहे, असे प्रश्न सुरू झाले. मी सांगत गेले. भावाचं ऐकून आजींनी चमचा खाली ठेवला. “त्याला कोणीतरी सांगायला हवं, तुझी चूक नाही म्हणून,” त्या म्हणाल्या. “सांगतात का?”

“शेवटी सांगतात.”

“शेवटी! तोवर पोर काय करत असेल?”

एवढ्यात दार धाडकन उघडलं. बेकरीतली गिंका. डोक्याला फडकं तसंच, कोपरापर्यंत पीठ. तिनं एक हात दारावर टेकला होता, त्या कागदावरच.

“माझी नोरा?”

आणि मला आठवलं. गिंकाची मुलगी नोरा, वय सोळा, बापाबरोबर स्पेनमध्ये. गावात एक नोरा आहे हे मला माहीत होतं, तिच्या बाप्तिस्म्याचं जेवणसुद्धा मी जेवले होते. पण पुस्तकातली नोरा इतकी नोरा होती की दुसरी मला आठवलीच नाही.

“नाही गं, नाही!” कुना आजी ओरडल्या. “ही पुस्तकातली!”

गिंकाला ऐकू गेलं नाही. तिनं पिठाच्या हातांनी फोन लावला. फोन वाजत राहिला. मग पलीकडून चिडकी कुजबुज आली, “आई, तास चालू आहे! काय?”

गिंका उंबऱ्यावर बसली. “काही नाही. जेवलीस का?” तिनं विचारलं, सकाळी नऊ वाजता. फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “वेलिका, तुला पोरं नाहीत म्हणून देवाचे आभार मान. आज मी तुझं काय केलं असतं माहीत नाही.”

ती गेली. कागदावर तिचा पांढरा पंजा उमटला होता.

मेतोदी लगेच आले. येताना वाटभर बोलतच आले असावेत, कारण वाक्य मध्येच सुरू झालं. “...महापौरांचा फोन! कोणत्या कुटुंबाला भेटायला जायचं, विचारतायत! मी काय सांगू? डावीकडचं कपाट, वरचा खण?”

“चुकलं माझं.”

“अगं, नसलेल्या माणसाचं शोकपत्रक! असलेल्यांची कमी आहे का या गावात? मी तुला वेडी समजत नव्हतो, वेलिका. लोकांना मीच सांगत होतो, बाई शिकतेय, हुशार आहे.” त्यांनी हात पुढे केला. “किल्ली दे. परीक्षेचंही राहू दे. संध्याकाळी मी येऊन कुलूप लावतो. कायमचं.”

मी किल्ली दिली. कागद काढला. चिकटपट्टीबरोबर दाराचा थोडा रंगही निघाला.

मला खरं तर घरी जायचं होतं. पण किल्ली नाही म्हणजे दार उघडं, आणि दार उघडं टाकून जाता येत नाही. म्हणून मी बसून राहिले. कुना आजीही बसून राहिल्या, गव्हाचं ताट संपलं नव्हतं म्हणून.

दुपारी शाळा सुटल्यावर सियाना आली, मागे आणखी तिघं-चौघं. तिच्या हातात तीन ट्युलिप होते.

“कागद कुठाय, मावशी? सगळ्या शाळेत झालंय. खरंच लावला होतास?”

“काढला.”

“मला वाटायचं, तिच्यासाठी मी एकटीच रडलेय.” तिनं फुलं टेबलावर ठेवली.

“तीन?” कुना आजी गरजल्या. “शिकवलं नाही का कोणी घरी? तीन जिवंत माणसाला देतात. मेलेल्याला जोडीनं. केस रंगवायला वेळ आहे!”

सियाना लाल झाली. फुलांकडे बघत राहिली. मग तिनं एक उचललं आणि जागा न सापडल्यासारखं इकडेतिकडे पाहून माझ्या हातात दिलं. “हे तुला मग.”

मी ते घेतलं.

ऊन उतरायच्या सुमाराला गिंका परत आली. फडकं नव्हतं, हात धुतलेले. काखेत एक गोल पाव, चाळिसाव्याला करतात तसा, वर क्रूस काढलेला. तो तिनं गव्हाशेजारी ठेवला. “उरला होता,” ती म्हणाली. असा पाव उरत नसतो.

मग ती एका छोट्या खुर्चीत बसली. खुर्ची मुलांच्या मापाची होती, गिंका नव्हती.

“मघाशी तिचा फोन आला. कोण मेलं म्हणून विचारत होती. सांगितलं मी. तर म्हणते, ते पुस्तक मी वाचलंय, गावात होते तेव्हा आपल्याच वाचनघरातून नेलं होतं. आठवडाभर रडत होते म्हणे.” ती आपल्या हातांकडे बघत होती. “आठवतो मला तो आठवडा. मला वाटलं होतं, दात दुखतोय. लवंग आणून दिली होती.”

कोणीच हसलं नाही. कुना आजीसुद्धा.

“काय आहे त्यात एवढं?” गिंका म्हणाली. “वाच. मला समजेल तसं वाच.”

मी सुरुवातीपासून वाचलं नाही. जिना उघडला. नोरा बूट हातात घेऊन बसली आहे, आत गाणी चालू आहेत. माझा आवाज सुरुवातीला शोकपत्रक वाचल्यासारखाच येत होता, मग सुटला. मुलं जमिनीवर बसली. ज्यांनी वाचलं होतं ती पुढचं वाक्य ओठांनीच म्हणत होती. मोज्याचं भोक आलं तेव्हा गिंकानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मी पाहिलं आणि मान खाली घातली. या घटकेला लांब कुठेतरी, ज्यानं हे लिहिलं तो भाजी चिरत असेल, आणि त्याला ठाऊकही नसेल की आमच्या गावात बेकरीवालीनं पाय मागे घेतले.

दारात सावली पडली. मेतोदी कुलूप लावायला आले होते. तोंड उघडलेलं, वाक्य तयार होतं.

“दोन पानं राहिलीत,” मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरची फुलं पाहिली, पाव पाहिला, छोट्या खुर्चीतली गिंका पाहिली. मग डोक्यावरची टोपी काढली आणि चौकटीला टेकून उभे राहिले. किल्ली वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरली होती.

मी पान उलटलं.