निसटलेला टाका

धाकट्याचा धंदा कुलपांचा. बिल्डिंगच्या तळाशी टपरीएवढं दुकान. तिथं बसून तो दिवसभर चाव्या बनवायचा आणि कुणी घराबाहेर अडकलं की जाऊन दार उघडून द्यायचा. वर तिसऱ्या मजल्यावर मात्र त्यानं सख्ख्या आईला आणि थोरल्या बहिणीला बाहेरून कुलूप घातलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता सगळा दोष त्याच्या माथी मारायचा तर तेही खरं नाही. आईला विसरण्याचा आजार. दार उघडं दिसलं की बाई निघाली. थोरली आतून कुलूप लावून उशीखाली चावी ठेवायची, तीही म्हातारीनं शोधून काढली. एकदा थोरली नक्षी काढण्यात गुंग होती, आणि आई अनवाणी जाऊन बसस्टॉपवर बसली. भर थंडीत. शोधून आणल्यावर धाकटा म्हणाला, "ताई, तुझी ती चित्रं आणि आई, दोन्ही एकदम जमायचं नाही." दुसऱ्या दिवशी कुलूप आलं. चावी त्याच्या खिशात. दुपारी जेवायला आला की दार उघडायचं, गेला की बंद.

थोरलीची नक्षी म्हणजे तिचा हट्टच होता. काळं पेन आणि कोरा कागद. आधी आखायचं नाही, पेन्सिल नाही, खोडरबर तर घरातच नव्हता. एक आकार धरायचा, तो फिरवत वाढवत न्यायचा, आणि हात चुकलाच तर ती चूकच पुढं वळवून घ्यायची. चौकातल्या फ्रेमवाल्यानं तिची एक नक्षी पाहिली होती. त्यानं फोन करून सांगितलं, "शनिवारी दुपारी एक मोठी आणा. नवी हवी हं, तीच तीच जाळी नको. जमली तर आठवड्यातून तीन दुपारी माझ्याकडं टेबलाशी बसून काढा, पगार देतो." तीन दुपारी. थोरलीनं हे धाकट्याला सांगितलं नव्हतं. सांगून तो काय म्हणणार हे तिला पाठ होतं.

शनिवार उजाडला आणि कागद कोराच. दोन खोल्यांत नवं आणायचं कुठून? खिडकीची जाळी काढून झाली होती. वेताच्या खुर्चीची वीण, गोळ्यांची पाकिटं, भिंतीवरचे पोपडे, न्हाणीघरातल्या फरश्या, सगळं वापरून झालं होतं. तिला आईचा राग आला. आईचा राग येतो याची लाज वाटली, आणि मग त्या लाजेचाही राग आला. नुसतं रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायला मिळालं असतं तरी पुरे होतं.

आई खाटेवर बसून पुटपुटत होती, "दोन सुलट, एक उलट. दोन सुलट, एक उलट." जन्मभर तिनं लोकांचे स्वेटर विणले. सुया टोचून घेते म्हणून काढून घेतल्या होत्या, पण बोटं काही थांबली नव्हती, रिकाम्या मांडीवर त्यांचं चालूच. थोरली हे महिनोन्‌महिने ऐकत आली होती, फ्रिजची घरघर ऐकावी तसं. आज कंटाळून तिनं पेन त्या पुटपुटण्यावर सोडून दिलं. दोन वळसे असे, एक तसा. ओळ भरली. दुसरी तिच्यावर बसली. आईची बोटं बघायची आणि काढायचं. अर्ध्या कागदावर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आई खाटेवरून उठून शेजारी येऊन बसली आहे, ओळींवरून बोट फिरवते आहे, आणि सकाळपासून तिनं दाराकडं पाहिलेलंसुद्धा नाही.

मध्ये एक वळसा राहून गेला. थोरलीनं आपल्या रिवाजाप्रमाणं ती फट तशीच खाली उतरवली, शिडीसारखी, पार तळापर्यंत. आजवर हातून असं काही उतरलं नव्हतं. ती खूश झाली आणि दुधाखालचा गॅस बंद करायला उठली.

परत आली तो आईनं कागदाच्या वरून एकेक ओळ फाडायला घेतली होती. सरळ, नीटस पट्ट्या. निम्म्या कागदाचा हाताभोवती गुंडाळून गुंडा झालासुद्धा.

"टाका निसटला होता," आई समजावत म्हणाली. "उसवायलाच हवं. पहिल्यापासून घाल, पोरी. येईल."

रागवायचं तरी कुणावर? थोरली जमिनीवर बसली आणि रडली.

तेवढ्यात कुलूप वाजलं. धाकटा पाव घेऊन आत आला, अंगात आईनंच कधीकाळी विणलेला स्वेटर. थोरलीनं सगळं सांगितलं, फ्रेमवाला, तीन दुपारी, सगळंच. तो गुंड्याकडं बघून म्हणाला, "अगं, कागदच ना. दुसरा घे."

थोरलीनं डोळे पुसले, पेन पर्समध्ये टाकलं, चप्पल घातली. चावी बाहेर कुलपालाच लटकत होती. तिनं दार ओढून घेतलं आणि चावी फिरवली.

"ताई?"

"दुपारभर बस," ती म्हणाली. "दूध गॅसवर आहे, गाळून दे."

खाली दुकानासमोर एक गिऱ्हाईक ताटकळत होतं. "चावीवाले कुठं गेलेत हो?"

"अडकलेत," म्हणून ती पुढं निघाली.

फ्रेमवाल्याला तिनं रिकामे हात दाखवले. "आणलेली नाही. इथं बसून काढू का?" त्यानं कार्डबोर्डचा एक तुकडा पुढं सरकवला. कागद फाटला तरी आईची बोटं थोरलीच्या हातात राहिली होती. दोन वळसे असे, एक तसा. मध्यावर आल्यावर तिनं एक वळसा मुद्दाम सोडला आणि शिडी खाली उतरवली. फ्रेमवाल्याची करवत केव्हाच थांबली होती. "बुधवारी या," तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटा अगदी हळू बोलत होता.

"ताई, आई माझा स्वेटर उसवतेय. म्हणते मनगटाशी टाका चुकलाय. एक बाही संपली."

"हलू नकोस. हललास की ती उठते आणि दाराशी जाते."

"पण मला लघवीला जायचंय."

"हो. जावंसं वाटतं."

 मग त्यानं विचारलं, "तू रोज अशीच बसतेस?"

"रोज. बुधवारपासून तीन दुपारी तू. आणि एक चावी माझ्याकडं राहील."

तो नाही म्हणाला नाही. मागून आईचा आवाज आला.

"आई विचारतेय," धाकटा म्हणाला, "पोरगी कुठं गेली म्हणून."

कित्येक महिन्यांत आईनं तिची चौकशी केली नव्हती.  शिडीची शेवटची पायरी अजून काढायची होती, ती थोरलीनं आधी काढली.

"तिला सांग," ती म्हणाली, "कामावर गेलीय."