कारभारी आबांची परवानगी

आष्टीत कारभारी आबांना विचारल्याशिवाय कोणी काही करायचं नाही, अशी एक वेळ होती. आबा सरपंच होते तेव्हाची. लग्नाचा मांडव रस्त्यात घालायचाय? आबांना विचारा. जयंतीला डीजे लावायचाय? आबांना विचारा. गोठा गल्लीत हातभर पुढं सरकवायचाय? त्यालाही आबाच. माणूस ओट्याशी येऊन उभा राहायचा आणि आबा लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी निवांत सुपारी कातरायची, मग समोरच्याच्या बापाच्या गुडघेदुखीची चौकशी करायची, आणि तो पुरता घायकुतीला आला की म्हणायचं, "घाल." नाहीतर म्हणायचं, "बघू." एवढ्या भांडवलावर त्यांनी गाव चालवलं.

मग निवडणूक आली आणि आबा सपशेल आपटले. आपटले त्याचं त्यांना तेवढं वाटलं नाही. पण पुढच्या लग्नसराईत लोकांनी त्यांना न विचारता मांडव घातले, डीजे लावले, गोठे सरकवले आणि कुणाचं काही म्हणता काही बिघडलं नाही. हे मात्र आबांच्या जिव्हारी लागलं. ओट्यावर आता दोघंच यायचे. एक लतीफ, मोसंबीचा व्यापारी, आबांचा शाळेपासूनचा दोस्त. दुसरा संपत, आबांच्या काळातला पंचायतीचा सदस्य, जो तेव्हाही काही बोलत नसे आणि आता बोलायला लागलाय तर न बोलणाराच बरा होता असं वाटतं.

आता आबांचं राज्य घरापुरतं उरलं. घरात बायको उषाबाई, मुलगा माऊली आणि सून तृप्ती. पैकी उषाबाई कधीच हाताला लागल्या नव्हत्या. माऊलीला काही विचारायचंच नसायचं. राहता राहिली तृप्ती.

तृप्ती शेतकीची बीएस्सी. जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत, बी उगवतं का ते तपासायच्या लॅबमध्ये, तिची निवड झाली होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरीला घेऊ, असं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. आष्टीहून परतूर, परतूरहून रेल्वेनं जालना, संध्याकाळी परत. पोरीनं सगळं जुळवून ठेवलं होतं. फक्त सासऱ्यांचा होकार नव्हता.

"मामा, जाऊ का?" तिनं विचारलं.

"बघू," आबा म्हणाले.

तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. जेवताना विचारलं, "जेवू तर दे." जेवण झाल्यावर विचारलं, "आत्ताच जेवलो ना." माऊलीला म्हणावं तर तो म्हणायचा, "आबा हो म्हणले की माझं बी हो." ह्या गड्यानं जन्मात स्वतःहून कशाला हो म्हटलं नव्हतं. त्याच्या लग्नात मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हासुद्धा मान आबांनीच हलवली होती.

खरं सांगायचं तर आबांचा नोकरीला विरोध नव्हता. पण एकदा हो म्हटलं की ती परत विचारणार नाही, मग राहिलं काय? इतकं गोड वाटायचं त्यांना ते विचारणं. तिकडं पोरीचा जीव टांगणीला लागलाय, रात्रीची झोप उडालीय, ह्याची त्यांना खबरबात नव्हती. असती तरी त्यांनी सुपारीच कातरली असती.

अशात आबांना कॉम्प्युटर सापडला.

तो माऊलीनं आणलेला. ऑनलाइन सेवा केंद्र काढतो म्हणाला होता. केंद्र काही निघालं नाही, कॉम्प्युटर मात्र बैठकीच्या खोलीत टॉवेल पांघरून पडून राहिला. तृप्तीनं त्यावर सगळं मराठीत करून दिलं आणि आबा पाऊसपाण्याचा अंदाज बघायला बसले. तर वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडली. ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते, असं त्यात लिहिलेलं. खाली दोन बटणं: ब्लॉक करा, अनुमती द्या.

आबा खुर्चीत ताठ झाले. चष्मा पुसला, परत वाचलं. इच्छिते! म्हणजे कोणीतरी आपल्या दारात उभं राहून विचारून राह्यलं की, आबा, येऊ का? निवडणुकीनंतर पहिल्यांदा, घराबाहेरचं कोणी. आणि हे बिचारं उत्तर मिळेपर्यंत मुकाट उभंही राहतं! आबांनी मिशीवरून बोट फिरवलं, थोडं ताटकळत ठेवलं आणि मग मोठ्या मनानं दाबलं, अनुमती द्या.

त्यानंतर आबांना नादच लागला. भविष्य, आयुर्वेद, गुडघ्याचं तेल, ट्रॅक्टरची सोडत, सूर्यफुलाचे भाव, जी साइट विचारेल तिला अनुमती. तृप्तीनं एकदा सांगून पाहिलं, "मामा, ब्लॉक करत जा. ही लोकं चांगली नसतात."

"दारात आलेल्याला न्हाई म्हणायचं?" आबा गरजले. "आपल्या घराण्यात न्हाई ते."

तृप्ती तिथंच उभी होती, ह्याच घराण्याच्या दारात, कितीतरी दिवस. ती तशीच आत गेली.

एका साइटनं तर कमाल केली. तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अनुमती द्या, म्हणाली. आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी रोबोट? अरे, ग्रामसभेत माइकशिवाय बोललेला माणूस हाये मी!" आणि त्यांनी बटण असं हाणलं की कॉम्प्युटरचा उंदीर टेबलावरून खाली लोंबकळला.

हळूहळू व्हायचं ते झालं. आबा भाव बघायला बसले की खालच्या कोपऱ्यात टिंग, टिंग, टिंग. तुम्हाला मोटार लागली. तुमचं पोट साफ होत नाही. धोका! तुमच्या संगणकात विषाणू सापडले! ह्या शेवटच्यासोबत भोंगाही वाजायचा. आबा घाबरले आणि त्याच चौकटीत एक फुकटचा वायरस डॉक्टर मिळत होता तो घेऊन बसवला. डॉक्टरानं आल्याबरोबर आपलं सगळं गणगोत बोलावून घेतलं. आता काही शोधायला जावं तर भलतंच पान उघडायचं आणि त्यात एक बाई केस गळण्यावर बोलायची.

तरी आबांनी सहन केलं असतं. पण तृप्तीचा सोमवार दोन दिवसांवर आला असताना शनिवारी सकाळी लतीफ आणि संपत चहाला आले, आबा त्यांना मोसंबीचे भाव दाखवायला बसले आणि कोपऱ्यात टिंग झालं. चहाचा ट्रे घेऊन उषाबाई बराबर त्याच वेळी आत आल्या. त्या सातवी शिकलेल्या. कुठलीही पाटी दिसली की मोठ्यानं वाचायची त्यांची सवय.

"शालू... तुमच्यापासून... फक्त दोन किलोमीटरवर आहे. ती एकटी आहे. तुमची वाट पाहते."

"कोण शालू?" उषाबाईंनी विचारलं.

"अगं, ते आपलं असंच येतं," आबा म्हणाले.

"असंच? मला न्हाई येत ते कधी असंच!"

संपतनं बोलायला नको होतं. पण तो मनापासून विचारात पडला होता. "दोन किलोमीटर म्हणजे पाझर तलाव येतो बघा, आबा. तिथं तर घरच न्हाई."

"वस्तीवर हाय एक शालू," लतीफ गंभीरपणे म्हणाला. त्याचे डोळे मात्र हसत होते. "मगर ती तर नानी झाली, यार."

उषाबाईंनी भरलेला ट्रे तसाच उचलला. "जा मंग तिच्याकडंच. चहा बी तिच्याकडं प्या अन् भाकरी बी तिच्याकडं खा." आणि त्या दिवशी आबांच्या ताटात खरोखर काही पडलं नाही. माऊलीनं चोरून दोन केळी आणून दिली, तीही आधी आबांना विचारून.

रविवारी सकाळी आबांनी हात टेकले. "तृप्ती," ते म्हणाले, "हे सगळं काढून टाक, पोरी. जल्दी."

"सगळ्यांसमोर काढ," उषाबाई दारातून म्हणाल्या. "मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय कोण कोण हाय ते." लतीफ आणि संपत तर तमाशा बघायला आधीच येऊन बसले होते. माऊली खांबाला टेकून उभा.

तृप्ती पदर सारखा करून खुर्चीवर बसली. सासऱ्याच्या पुढ्यात, पाहुण्यांसमोर खुर्चीवर बसायची तिची ही पहिलीच वेळ, पण आबा काही बोलले नाहीत. पोट रिकामं असलं की माणूस बऱ्याच गोष्टी चालवून घेतो. तिनं आधी तो डॉक्टर काढला. "हा डॉक्टर कसला, मामा? हाच तर रोग." मग ब्राउझरला चिकटलेलं त्याचं एक पिल्लू काढलं, तशी ती केस गळतीवाली बाईही गेली. मग तिनं सेटिंग्जमध्ये जाऊन एक पान उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं.

"आणि हे टिंग टिंगवाले. हे चोरून न्हाई शिरले, मामा. वर काय लिहिलंय बघा. सूचना पाठवण्याची अनुमती असलेल्या साइट. ह्या एकेकीला तुम्ही सोता परवानगी दिलीय."

खाली नावांची रांग लागलेली. पान सरकवलं तरी संपेना.

"माशाल्ला!" लतीफ म्हणाला. "कारभारी, सरपंच असताना एवढे अर्ज मंजूर केलेस का रे कधी?"

तृप्तीला ती रांग भराभर साफ करता आली असती. पण तिनं माउसवरचा हात काढला, मागं वळली आणि अदबीनं विचारलं, "मामा, ही भविष्यवाली. काढू का?"

आबांच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा तरतरी आली. त्यांनी मांडी नीट घातली, सुपारीचा डबा जवळ ओढला. चार माणसं बसलेली, सून विचारते आहे, सगळे आपल्या तोंडाकडं बघताहेत! जुने दिवस परत आले म्हणायचे. त्यांनी बराच वेळ विचार केला.

"काढ," ते म्हणाले.

"ही गुडघ्याच्या तेलाची. काढू?"

"तिनं फसवलं मला. काढ."

"ही ट्रॅक्टरच्या सोडतीची. बंद करू?"

"कर."

"रोबोट म्हणलेली ही. हाकलू?"

"हाकल! आधी हाकल!"

"ही पोट साफवाली?"

"राहू दे," आबा दबक्या आवाजात म्हणाले. मग उषाबाईंकडं बघून, "काढ, काढ."

"आणि ही शालू. ब्लॉक करू, मामा?"

"कर! बिलकुल कर!" आबा इतक्या जोरात म्हणाले की संपत दचकला. उषाबाईंच्या कपाळावरची एक आठी उलगडली, त्या आत गेल्या आणि चहा उकळल्याचा वास आला, तसा आबांना हुरूप चढला. आता विचार करायची गरज उरली नव्हती. तृप्ती पडद्याकडं तोंड करून विचारत होती, आबा सुपारी कातरत, अर्धे डोळे मिटून, मजेत हुकूम सोडत होते.

"लॉटरीवाली. काढू?"

"काढ."

"केसाच्या तेलाची. उडवू?"

"उडव."

"ही कोण हाय कळत न्हाई. टाकू काढून?"

"टाक."

"सोमवारपासून जालन्याला कामावर जाऊ?"

"जा."

अडकित्ता अर्ध्यात थांबला.

तृप्तीनं खुर्ची फिरवली, उठली, पदर घेतला आणि खाली वाकून आबांच्या पायाला हात लावला. तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती. आबांना पहिल्यांदाच ती दिसली.

"मुबारक हो, बेटी," लतीफ म्हणाला. "मी ऐकलं बरं का."

"मी बी ऐकलं," संपत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो योग्य वेळी बोलला होता. आष्टीत बैठकीत चार माणसांसमोर तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. हा नियमही आबांनीच घालून दिलेला, आणि त्यापायी त्यांनी गावातल्या कित्येकांची नाकं घासून घेतली होती.

"आबा हो म्हणले," खांबाजवळून माऊली हळूच म्हणाला, "मंग माझं बी हो हाय."

"गप ए!" आबा कडाडले. "आन् तू थांब, तृप्ती. मी ते ऐकलंच न्हाई नीट. तुझं काढू, करू, उडवू चालू होतं, त्या ओघात म्हणून गेलो. चुकून गेलं ते तोंडातून."

तृप्ती घाबरली होती, हे खोटं कशाला बोला. पण बोलली ती नीट, मान वर करून.

"ह्या सगळ्यांना बी तुम्ही चुकूनच परवानगी दिल्ती, मामा. त्यातल्या एकानं तरी ती परत केली का?"

आबांनी लतीफकडं पाहिलं. लतीफ छताच्या पंख्याकडं बघत होता. त्यांनी संपतकडं पाहिलं, माऊलीकडं पाहिलं. मग अडकित्त्यात अर्धी राहिलेली सुपारी कातरून तोंडात टाकली.

उषाबाई चहा घेऊन आल्या. आबांच्या हातात कप दिला आणि त्यांच्या डोक्यावरून पलीकडं बघत त्यांनी तृप्तीला विचारलं, "गाडी सकाळची हाय ना गं? मंग डब्याला भाजी कोरडी देऊ का?"