कोरा नमुना

सोमवारी सकाळी सव्वानऊला ट्रेमध्ये एक्केचाळीस बाटल्या होत्या. तिने पेनाचं टोपण प्रत्येकीच्या झाकणावर टेकवत त्या मोजल्या, मग दुसऱ्या टोकापासून पुन्हा मोजल्या. चाळीस पिवळ्या झाकणांच्या, व्यसनमुक्ती केंद्रातून आलेल्या. एक पांढऱ्या झाकणाची, तिची स्वतःची.

पांढऱ्या झाकणाच्या बाटलीला प्रयोगशाळेत ‘कोरा’ म्हणत. लघवीतले अंमली पदार्थ मोजणाऱ्या यंत्राला आधी काहीच नसलेली लघवी दाखवावी लागते. शून्य म्हणजे काय हे त्याला कळल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नसतो. हे शून्य कुणाच्या तरी शरीरातून यावं लागतं. मोठ्या मॅडमना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. शेजारच्या टेबलावरचा सहकारी खोकल्याचं औषध चहासारखं प्यायचा. त्यामुळे गेली सहा वर्षं दर सोमवारी आल्या आल्या ती बाटली भरून देत होती. कुणी पाहुणे आले की मोठ्या मॅडम तिच्याकडे हात करून सांगत, ही आमची कोरी, या इमारतीत हिच्याइतकं स्वच्छ काही नाही, फरशीसुद्धा नाही. पाहुणे हसत. तीही हसे, आणि नंतर बराच वेळ तिची पाठ ताठ असे.

नियमाप्रमाणे कोऱ्यालाही आधी चाचणीपट्टी लावायची असते. पहिले दोन महिने तिने ती लावली. मग पट्टी न लावताच रकान्यात बरोबरची खूण करायला लागली. आपलंच आहे, त्यात काय बघायचं?

पिवळ्या बाटल्यांवर नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. अकरावी बाटली २०४७ होती.

हा क्रमांक सहा महिने आईच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटवलेला होता. दादाच्या केंद्रातल्या कार्डाचा क्रमांक. आईने तो मोठ्या अक्षरात लिहून वर दोन चुंबकं लावली होती, जणू तो लग्नाचा मुहूर्त होता. नोंदवहीत प्रत्येक नमुन्यापुढे एक छोटा चौकोन असे : ‘ओळखीचा नमुना’. क्रमांक कुणाचा हे माहीत असेल तर त्यात खूण करायची आणि बाटली शेजारच्याकडे द्यायची. दर दुसऱ्या सोमवारी २०४७ ट्रेमध्ये येई. असा तो तेरा वेळा आला होता, आणि तेरा वेळा तिने चौकोन मोकळा ठेवला होता.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर माणूस स्वच्छ. एकच उमटली तर अफूच्या जातीचं काहीतरी मर्यादेपेक्षा जास्त. दादाला केंद्रात रोज सकाळी नर्ससमोर प्यावं लागणारं बदली औषध या पट्टीवर दिसत नाही. दिसलंच तर गर्द दिसतो. तेरा वेळा तिने २०४७ ची पट्टी इतरांपेक्षा जास्त वेळ उजेडात धरली होती. तेरा वेळा दुसरी रेघ आली होती, आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती कुणाशी फारशी बोलली नव्हती.

आज पाच मिनिटांचं घड्याळ वाजलं तेव्हा पट्टीवर एकच रेघ होती.

तिने आणखी पाच मिनिटं लावली. दुसरी पट्टी काढली. एकच रेघ.

“काय गं, लॉटरी लागली का?” शेजारच्या सहकाऱ्याने मान वर करून विचारलं.

आपण गुणगुणत होतो हे तिला तेव्हा कळलं.

“एक पॉझिटिव्ह आहे,” ती म्हणाली आणि पट्टीचा फोटो काढला.

अकराच्या सुमारास केंद्रातल्या नर्सचा फोन आला. क्रमांक २०४७ चा निकाल आज लवकर मिळेल का, असं ती विचारत होती. एकशेऐंशी दिवस पूर्ण झाले होते. आजचा नमुना स्वच्छ निघाला की त्याला आठवड्याचं औषध घरी न्यायची परवानगी मिळणार होती. दुसऱ्या शहरात एका लाकूडकामाच्या कारखान्याने त्याला जागा देऊ केली होती, शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. रोज सकाळी केंद्राच्या रांगेत उभं राहायचं तर तो तिथे जाणार कसा? कागद तयार करून ठेवलेत, फक्त सही राहिलीय, असं नर्स म्हणाली. सगळा स्टाफ वाट बघतोय. इतक्या वर्षांत असा माणूस पाहिला नाही, रांगेतल्या म्हाताऱ्यांना खुर्ची आणून देतो.

दादा सगळ्यांनाच खुर्ची आणून देत असे. गर्द ओढत होता तेव्हाही देत असे. तिच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने तिचा कॅल्क्युलेटर विकला आणि घरी येताना आईसाठी फुलं आणली. तुला कशाला लागतो गं, तुझं डोकं आहे की, असं आई म्हणाली होती आणि फुलं पाण्यात ठेवली होती. पदवीदान झालं त्या दुपारी आई तातडीच्या विभागात त्याच्या उशाशी बसून होती. सभागृहात तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली, आणि पुढच्या रांगेतल्या कुणीतरी त्या खुर्चीवर पर्स ठेवली.

“निकाल चारपर्यंत,” तिने नर्सला सांगितलं.

पट्टीवर आलेला निकाल पक्का धरत नाहीत. नमुना मोठ्या यंत्रावर नेऊन पदार्थ कोणता आणि किती हे मोजायचं असतं. तिने यंत्र चालू केलं, ते तापेपर्यंत हातमोजे बदलले. आधी कोरा, मग २०४७.

कोऱ्याचा आलेख सपाट यायला हवा. तो सात मिनिटं सपाट गेला आणि मग अफूतल्या मॉर्फिनच्या जागी एक शिखर वर आलं.

यंत्र घाण झालंय, असं तिने ठरवलं. नळी धुतली, शुद्ध पाणी सोडलं. पाण्याचा आलेख पाटीसारखा सपाट आला. पुन्हा कोरा घेतला. पुन्हा शिखर, त्याच जागी, तेवढ्याच उंचीचं.

ती स्टुलावर बसली. समोरच्या भिंतीवर केंद्राला पाठवायच्या सूचनांचा कागद होता, ‘चाचणीच्या आदल्या दिवशी टाळावयाचे पदार्थ’. तो तिनेच टाइप केला होता. चौथ्या ओळीत खसखस होती, अफूच्याच बोंडातलं बी.

काल रविवारी आईकडे केक होता. दादाचे एकशेऐंशी दिवस. आई रोज कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करायची. काल तिने आकड्याभोवती गोल काढला होता. केक तूच आण, कसला ते तू ठरव, असं आईने फोनवर सांगितलं होतं. दादाला चॉकलेटचा आवडतो, हे तिला माहीत होतं. बेकरीत तिने लिंबाचा, खसखशीच्या निळसर काळ्या ठिपक्यांचा केक दाखवला. लहानपणी तिला तो फार आवडायचा. घरात मात्र तिच्या आवडीचं काही आणायची वेळ फार वर्षांत कुणावर आली नव्हती. रविवारी खसखस खायची नाही, असा नियम तिला स्वतःसाठी कधी करावा लागला नव्हता, कारण रविवारी केक खायला तिला कधी कुणी बोलावलंच नव्हतं.

आईने केकचे आठ सारखे तुकडे केले. तीन शेजारच्यांकडे पाठवले. एक स्वतः घेतला, एक तिला दिला. दादाच्या ताटलीत एक पडला, तो संपताच दुसरा, मग तिसरा.

“माझे अकरा हजार चारशे झाले, आई,” ती तेव्हा म्हणाली होती.

“काय?”

“दिवस. मी जन्मल्यापासून. माझा केक कधी?”

आई खूप हसली. डोळे पुसत म्हणाली, “तुझी मला काळजीच नाही गं.”

दादा हसला नव्हता. त्याने तिसरा तुकडा तिच्याकडे सरकवला होता. “घे, चिमे. तुझ्या आवडीचा आहे ना हा?”

“खाऊ दे त्याला,” आईने ताटली परत सरकवली. “सहा महिन्यांत आत्ता कुठं अंगाला लागायला लागलंय.”

तिला आता त्या तुकड्यातले ठिपके दिसत होते. काल ती फक्त तुकडेच मोजत बसली होती.

तिने २०४७ यंत्रात घातला. मॉर्फिनचं शिखर आलं, कोऱ्यापेक्षा बरंच उंच. ज्या पदार्थावरून गर्द ओळखतात त्याचा पत्ता नव्हता. पण तो काही तासांतच अंगातून निघून जातो, त्यामुळे नसण्याने काही सिद्ध होत नाही. कागदावर दादा पॉझिटिव्हच होता.

“अजून कोऱ्यातच अडकलीस?” सहकारी जवळ येऊन पडद्याकडे बघायला लागला. “अरे बाप रे, हे कोणाचं?”

“बाटली खराब असेल.”

“फ्रीजमध्ये मागच्या सोमवारचा उरलेला असेल की. तो लाव. आत्ता कोऱ्यात काही सापडलं म्हणून सांगितलंस तर सगळी तुकडी रद्द, चाळीस माणसं पुन्हा बोलवा. ते लोक आपल्याला मारतील.” तो दोनदा खोकला आणि आपल्या टेबलाकडे गेला.

मागच्या सोमवारची बाटली फ्रीजच्या दारात होती. अर्धी भरलेली, तिच्या अक्षरात तारीख. ती लावली की शून्य शून्यासारखं दिसलं असतं, २०४७ पुढे पॉझिटिव्ह लिहिलं गेलं असतं, आणि त्यात एकही अक्षर खोटं नसतं. उद्यापासून आईच्या कॅलेंडरवर पुन्हा एकपासून मोजणी. ती बाटली हातात धरून फ्रीजसमोर उभी राहिली. फ्रीज उघडा राहिल्याची घंटी वाजायला लागली. ती ऐकत राहिली. मग बोटं बधिर झाली तेव्हा तिने बाटली दारात परत ठेवली आणि मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली.

मोठ्या मॅडम कसलासा अर्ज भरत होत्या. तिने सगळं एका दमात सांगितलं : कोऱ्याला पट्टी लावली नव्हती, कोऱ्यात मॉर्फिन आहे, काल केक होता. आणि २०४७ माझा भाऊ आहे.

“किती दिवसांपासून?”

“जन्मापासून.”

“भाऊ किती दिवसांपासून आहे ते नाही विचारलं. तू किती दिवस तपासते आहेस?”

“सहा महिने. आजचा चौदावा.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “त्याला वाचवायला?”

“नाही. वाचवायची वेळच आली नाही. तेराही वेळा तो स्वच्छ होता.”

“मग चौकोनात खूण का नाही केलीस?”

ती आपल्या नखांकडे बघत राहिली. कडेला अजून हातमोज्याची पांढरी पूड होती.

“ज्या दिवशी एक रेघ येईल,” ती म्हणाली, “त्या दिवशी ती मलाच आधी दिसायला हवी होती.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वरच्या ऑफिसला मला हे कळवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. पुढच्या सोमवारपासून कोरा दुसऱ्या कुणाचा घेऊ आणि तुला काही दिवस या ट्रेला हात लावता येणार नाही. तिने मान डोलावली. तुकडी रद्द करून चाळीस जणांना गुरुवारी पुन्हा बोलवायला केंद्राला मी सांगते, असंही मॅडम म्हणाल्या. सोबत टाळायच्या पदार्थांची यादी पुन्हा पाठव.

“आणि त्या दोन्हींचे आकडे काढ. मला ते शेजारी शेजारी लिहिलेले हवेत.”

ती यंत्रापाशी परत आली. दोन्ही नमुन्यांत पाण्याचं प्रमाण जवळपास सारखंच आहे, हे तिने आधी पाहून घेतलं. मग शिखरांचं मोजमाप केलं, प्रत्येक नमुना तीनदा घेऊन सरासरी काढली. नोंदवहीत अकराव्या ओळीतल्या चौकोनात खूण केली. थोडं थांबून पांढऱ्या बाटलीच्या ओळीतल्या चौकोनातही केली. तिथल्या पट्टीच्या रकान्यातली सकाळची बरोबरची खूण एका सरळ रेघेने खोडली, खाली सही केली, वेळ लिहिली : दोन वाजून चाळीस मिनिटं. मग आकडे लिहिले.

मर्यादा : मॉर्फिन, प्रति मिलिलिटर ३०० नॅनोग्रॅम.

क्रमांक २०४७ : १२३६.

कोरा : ४०९.