अंगणातलं ऊन

या मित्रांनो, असे जवळ सरका. या अडगळीच्या खोलीत माझ्याशी बोलायला कुणी येत नाही. आलाच आहात, तर एका उन्हाची गोष्ट ऐकून जा.

मी एक जुना संगणक आहे. शहरात काही नवं बांधायचं ठरलं, की ते कसं दिसेल याचं चित्र आधी माझ्या पडद्यावर उभं राही. ते पाहून समिती होकार किंवा नकार देई. मला चालवणाऱ्या ताई सकाळी पडदा पुसताना देवाचं काहीबाही गुणगुणत. तेवढ्यानेच माझा दिवस सोन्याचा होई.

एकदा एका उंच इमारतीचं काम आलं. तिच्या मागेच वृद्धाश्रम होता. ताईंची आई तिथेच राहायची आणि थंडीत अंगणात खुर्ची टाकून ऊन खात बसायची.

आमच्याकडची रीत अशी, की चित्रात नेहमी उन्हाळ्यातली भर दुपार ठेवायची. सूर्य डोक्यावर, सावली पायाशी, सगळं कसं लख्ख! ताईंनी मात्र त्या दिवशी माझ्यातला सूर्य हिवाळ्यात नेला. इमारतीची सावली लांबत गेली आणि तिने अख्खं अंगण गिळून टाकलं.

"अहो, काय काळंकुट्ट करून ठेवलंय हे!" साहेब ओरडले. "समिती पळून जाईल!"

"आहे तेच दिसतंय, साहेब."

"असू दे हो, पण जरा बरं दिसू दे की!"

ताईंनी खुर्चीत बसलेल्या आईचा फोटो चित्रातल्या अंगणात ठेवला आणि समितीला उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं, अशी दोन्ही चित्रं दाखवली.

समितीच्या अध्यक्षबाईंनी त्या खुर्चीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मग या आजींनी बसायचं कुठे?"

इमारत ठेंगणी झाली, दूर सरकली. ऊन वाचलं. माझंही कौतुक झालं.

पुढे वेगवान संगणक आले. ताईंची आई देवाघरी गेली. नोकरीच्या शेवटच्या दिवशी ताईंनी ते चित्र उघडलं, खुर्चीकडे पाहत बसल्या, पडदा पुसला आणि मला बंद केलं. त्या दिवशी त्या गुणगुणल्या नाहीत.

या खोलीला खिडकी नाही. देवाने सगळ्यांना सारखं वाटलेलं ऊन मी कधी पाहिलंच नाही. पण माझ्या पोटात हिवाळ्यातली एक दुपार अजून जपलेली आहे.

मित्रांनो, कुणी नव्या इमारतीचं लख्ख चित्र दाखवलं, तर थंडीत तिची सावली कुणाच्या अंगावर पडेल, एवढं विचारा. माझ्यातलं चित्र आता कुणी उघडत नाही. म्हणून त्या खुर्चीतल्या आजींची आठवण तेवढी तुम्ही ठेवा.